गालाच्या आतली गाठ आणि पवईचं यंत्र

वाद यंत्राच्या किमतीवरून सुरू झाला, पण किमतीपाशी थांबणारा नव्हता. मामांची उभी नोकरी आरोग्य खात्यात गेली. आधी मुरबाड, मग शहापूर तालुक्यातले पाडे त्यांनी पायी, सायकलने आणि शेवटी फटफटीने पालथे घातले. हिवतापाच्या काचपट्ट्या गोळा केल्या, लसीचे डबे वाहिले, शिबिरांना माणसं आणली आणि निवृत्त होऊन आटगावात घरच्या भातशेतीला लागले. भाची पवईला प्रथिनांवर संशोधन करते. सुट्टी मिळाली की कांजूरमार्गहून स्लो लोकल, ठाण्याला गाडी बदलून कसारा लोकल, आणि आटगाव. या खेपेला तिची बॅग ओटीवर टेकायच्या आत मामांनी विचारलं, "काय गं बाय, कितीला पडलं ते तुमचं नवं यंत्र?"

"काही कोटींना."

"तेवढ्यात आपल्या तालुक्यातल्या सगळ्या पाड्यांवरची तोंडं तपासून झाली असती."

यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. रेणूचं वस्तुमान मोजणारं उपकरण. कर्करोगाच्या पेशींतली प्रथिनं त्यावर मोजायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठींत कोणती कुठल्या जातीची ते ओळखायचं, हा भाचीचा विषय. मुंबईत हे काम नवं नाही. पवईच्या आयआयटीत डॉ. संजीवा श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर मेंदूतल्या गाठींच्या प्रथिनांवर बरीच वर्षं काम करते आहे. २०१८ मध्ये आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल सेंटर आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्यात करार झाला तेव्हा स्तन, गर्भाशयमुख आणि तोंड हे तीन कर्करोग आधी हाती घ्यायचं ठरलं. तिन्ही इथल्या घराघरातले आहेत.

मामांना यातलं पुष्कळ माहीत होतं. भाचीनेच आधी सांगितलं होतं. त्यांचा आक्षेप वेगळा होता.

"माणूस मरतो तो गाठीची जात कळली नाही म्हणून नाही मरत. उशिरा गेला म्हणून मरतो. तुला सांगतो, बाई येते ती दाढ दुखते म्हणून. विचारलं, मशेरी लावतेस का, तर मान हलवते. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, दिवसातून तीनदा-चारदा हिरड्यांना. म्हटलं, तोंड उघड, तीन बोटं उभी घाल आत. दोनच जातात. गाल आतून पांढरा, हात लावला तर चामड्यासारखा कडक. हे बघायला कसलं यंत्र लागतं? बॅटरी लागते आणि विचारणारा माणूस लागतो."

तीन बोटांची ही चाचणी अगदी साधी, पण खरी आहे. सुपारी नि गुटख्याने गालाच्या आतला पापुद्रा कडक होत जातो आणि तोंड उघडेनासं होतं. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मामा त्या बंदीविषयी जे म्हणाले ते इथे छापण्यासारखं नाही.

बॅटरीच्या बाजूने पुरावाही आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या नजरेने तोंडं तपासली. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर असाच प्रयोग केला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. दहावी शिकलेल्या मुलींना शिकवून तयार केलं, त्यांनी गर्भाशयमुखावर पातळ व्हिनेगर लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मामांना हा आकडा पाठ आहे. तो ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

"मामा, उस्मानाबादचं का नाही सांगत कधी?" भाचीने विचारलं.

मामा गप्प बसले, कारण त्यांना तेही माहीत होतं. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटाच्या माणसांनी तिथल्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचे गावांच्या गटांनुसार चार भाग केले. एका भागात व्हिनेगर, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाच्या स्रावात एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, चौथ्यात नेहमीचीच सोय. २००९ मध्ये निकाल आला. व्हिनेगर आणि पॅपच्या गटांत मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नव्हते. एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात ते जवळजवळ निम्म्यावर आले होते.

"म्हणजे नजर हरली आणि रेणू जिंकला," भाची म्हणाली. "तेही खेड्यात, शेतमजूर बायकांत. पवईत नाही."

"हो, पण ती चाचणी तुझ्या यंत्रावर नव्हती केली."

हे मामांनी बरोबर पकडलं. एचपीव्हीची चाचणी म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर नव्हे. निरोगी माणसांच्या रांगेतून कर्करोगाचे रोगी वेचून काढायला हे यंत्र आज कोणी वापरत नाही आणि वापरूही नये. इथे मामांचं पारडं जड आहे. भाचीच्या यंत्राचं काम रोग सापडल्यानंतर सुरू होतं. गाठ आहे, तुकडा काढला आहे, पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघून 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' लिहिलं आहे. पुढे काय?

"पुढे दोन माणसं धरा," भाची म्हणाली. "एकाच वयाची, दोघांच्या डाव्या गालात गाठ, अहवालात शब्दन् शब्द तोच. दोघांचं ऑपरेशन झालं, दोघांना किरणोपचार दिले. एक पाच वर्षांनी शेतात राबतोय, दुसऱ्याची गाठ आठ महिन्यांत मानेत उगवली. स्लाइडवर दोघं सारखेच दिसत होते. मग फरक कुठे होता?"

अशी माणसं मामांनीही पाहिली होती. जो गेला त्याच्या घरचे विचारायचे, ऑपरेशन नीट झालं नव्हतं का? मामांकडे उत्तर नसायचं.

फरक कुठे होता याचं एक उत्तर २०२१ मध्ये 'कॅन्सर सेल' या नियतकालिकात आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या गटाने डोकं आणि मान या भागातल्या, एचपीव्ही नसलेल्या १०८ गाठींची जनुकं आणि प्रथिनं दोन्ही तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली एकच असलेला हा रोग तीन प्रकारांत विभागला गेला. एका प्रकारात गुणसूत्रांची मोडतोड फार. त्यात स्वरयंत्राच्या गाठी आणि जबर धूम्रपान करणारे जास्त, आणि त्यांचा शेवट सर्वांत वाईट. दुसऱ्यात पेशींच्या वाढीचा एक विशिष्ट मार्ग चेतलेला. तिसऱ्यात गाठीत प्रतिकारशक्तीच्या पेशी शिरलेल्या. तिघांना तीन वेगळ्या जातींची औषधं लागू पडावीत, असा संशोधकांचा होरा होता.

त्यातलाच एक निष्कर्ष भाचीला फार आवडतो. सेटुक्सिमॅब नावाचं औषध पेशीवरच्या ईजीएफआर या ग्राहक प्रथिनाला अडवतं. म्हणून वर्षानुवर्षं समजूत अशी की ज्याच्या गाठीवर हे ग्राहक जास्त, त्याला औषध जास्त लागू. प्रथिनं मोजल्यावर दिसलं की ग्राहक किती आहेत याने फारसं ठरत नाही. त्यांना चेतवणारे छोटे रेणू किती आहेत ते बघायला हवं. जनुकाच्या किती प्रती झाल्यात ते मोजून हे कळलं नसतं. जनुक हा लेखी हुकूम, प्रत्यक्षात अंमल किती झाला ते प्रथिन सांगतं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगायची गरज पडली नाही.

"बरं. पण मोजता कसं?" मामांनी विचारलं, आणि इथून पुढे बराच वेळ वाद थांबला.

गाठीचा काही मिलिग्रॅमचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून कुटायचा. त्यातली प्रथिनं विरघळवायची. मग ट्रिप्सिन घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं. हे ट्रिप्सिन आपल्या आतड्यातही असतं. ते प्रथिनाची साखळी ठरावीक जागीच तोडतं, लायसीन आणि आर्जिनीन या दोन अमिनो आम्लांच्या पुढे. सकाळी हाती येतात लाखो तुकडे, म्हणजे पेप्टाइड. ते एका अगदी बारीक नळीतून पुढे सारायचे. नळीचा आतला व्यास ७५ मायक्रॉन. नळीच्या टोकाला सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब. तिथे द्रवाचे सूक्ष्म तुषार उडतात, सुकतात आणि विद्युतभार घेतलेले पेप्टाइड निर्वात पोकळीत शिरतात. यंत्र त्यांचं वस्तुमान मोजतं, एकेकाला निवडून फोडतं, फुटलेल्या तुकड्यांचंही वस्तुमान मोजतं आणि माणसाच्या सुमारे वीस हजार जनुकांच्या यादीशी ताडून सांगतं, हा तुकडा अमुक प्रथिनाचा. तास-दोन तासांच्या एका फेरीत काही हजार प्रथिनं.

"पण हवेत उडणाऱ्या गोष्टीचं वजन कसं करतात?"

"खळ्यावर उफणता तेव्हा काय होतं? सूप तेच, वारा तोच. फोल लांब उडतं, दाणा पायाशी पडतो. एका जातीच्या यंत्रात सगळ्या रेणूंना सारखाच धक्का देतात. हलका आधी पोचतो, जड मागून. पोचायला किती वेळ लागला त्यावरून वस्तुमान."

मामांनी क्षणभर विचार केला. "आणि वारा पडला तर?"

भाची हसली नाही. या प्रश्नावर तिच्या शास्त्राने एकदा सपशेल आपटी खाल्ली आहे.

२००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच एक निबंध आला होता. इमॅन्युएल पेट्रिकॉइन, लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी बायकांच्या रक्तद्रवाचे मास स्पेक्ट्रोमीटरवर आलेख काढले आणि संगणकाला त्यांतून अंडाशयाच्या कर्करोगाची खूण शोधायला लावली. मग ११६ झाकलेले नमुने दिले. कर्करोगाचे ५० पैकी ५० ओळखले गेले, कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर. रक्ताच्या एका थेंबातून अंडाशयाचा कर्करोग ओळखता येणार म्हणून जगभर गाजावाजा झाला. चाचणी बाजारात आणायचीही तयारी झाली. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातले दोन संख्याशास्त्रज्ञ, कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स, यांनी तीच आकडेवारी घेऊन पुन्हा मांडली. आलेखाच्या ज्या भागात यंत्राची स्वतःची खरखर सोडून काही असायला नको, तिथेही रोगी आणि निरोगी वेगळे पडत होते. म्हणजे यंत्राने जो फरक पकडला तो बराचसा नमुने कधी आणि कसे चालवले याचा होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चाचणी अडवली.

"म्हणजे एका दिवशी सगळे रोगी उफणले, दुसऱ्या दिवशी सगळे निरोगी," मामा म्हणाले. "आणि वाऱ्यातला फरक दाण्यातला समजलात."

"तेच. म्हणून आता नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतो. प्रत्येक फेरीत सगळ्या नमुन्यांचं थोडं थोडं मिश्रण पुन्हा पुन्हा चालवतो. त्याचा आलेख हलला तर यंत्र हललंय. मधेमधे नुसतं पाणी. आणि कुठलं प्रथिन ते नावानिशी सांगता आलं पाहिजे. नुसता आलेख वेगळा दिसतोय, हे आता कुणी छापत नाही."

शेवटचं वाक्य तिने जरा जास्तच ठामपणे म्हटलं. नुसत्या आलेखाच्या आकारावर चालणारं संशोधन अजूनही होतं, आणि त्यातलं काही उत्तमही आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या झोल्टान टकाच यांचं उदाहरण घेता येईल. शस्त्रक्रियेत विजेच्या सुरीने मांस कापताना धूर निघतो. तो एरवी खेचून बाहेर टाकतात. टकाच यांनी तो थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडला. धुरातल्या स्निग्ध रेणूंवरून सुरी कर्करोगात आहे की निरोगी भागात, हे काही सेकंदांत सांगता येऊ लागलं. २०१३ मध्ये छापलेल्या प्रयोगात आधी ३०२ रुग्णांच्या ऊतींचा संग्रह केला होता, मग ८१ शस्त्रक्रियांत प्रत्यक्ष तपासणी. ८१ पैकी ८१ वेळा उत्तर नंतरच्या पॅथॉलॉजीशी जुळलं. मामांना धुराची युक्ती मनापासून आवडली. फुकट जाणारी वस्तू कामाला लावणारा माणूस त्यांच्या लेखी हुशार.

मग भाचीने कोइची तानाकांची गोष्ट सांगितली, कारण तिलाही ठाऊक होतं की ती इथे खपेल. जपानच्या शिमादझू कंपनीतला हा अभियंता, डॉक्टरेट नसलेला. १९८५ मध्ये कोबाल्टच्या भुकटीत ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन पडलं. भुकटी महाग, टाकवेना, म्हणून तसंच मिश्रण लेझरखाली ठेवलं. याच वाटेने पुढे मोठाले प्रथिनांचे रेणू न फुटता उडवता आले. याआधी ते जमत नव्हतं. २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल तानाका आणि तुषारांची रीत काढणारे जॉन फेन यांच्यात (आणि वेगळ्या शोधासाठी कुर्ट व्यूटरिख यांना) वाटून दिलं गेलं. गंमत अशी की अंडाशयाच्या चाचणीचा तो फसलेला निबंधही त्याच वर्षीचा.

रक्ताच्या कर्करोगात तर एकेक पेशी वेगळी तपासतात. प्रतिपिंडांच्या मदतीने पेशींवर चकाकणारे रंग चिकटवून लेझरखाली त्यांची जात ओळखायची रीत जुनी आहे, पण रंग फार झाले की एकमेकांत मिसळतात. स्कॉट टॅनर आणि टोरंटोतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रंगांच्या जागी दुर्मीळ धातू लावले. प्रत्येक प्रतिपिंडाला वेगळा धातू, आणि धातूंची वस्तुमानं काही एकमेकांत मिसळत नाहीत. एका पेशीवरच्या चाळीसेक खुणा एकदम वाचता येतात. पेशी सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तप्त अशा आरगॉनच्या ज्योतीत जाते, तिची वाफ होते आणि धातूंचे अणू मोजले जातात.

"म्हणजे ओळखली की संपली?"

"संपली. परत मिळत नाही."

मामा म्हणाले, "तुमचं सगळं असंच." मग जरा वेळाने: "हे सगळं प्रयोगशाळेतलं झालं. या यंत्राने कुणाचं औषध बदललं, असं एक तरी दाखव."

हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा होता. त्याचं नेमकं उत्तर आहे, आणि ते कर्करोगाच्या अगदी उंबरठ्यावरच्या एका आजारातलं आहे. अमायलॉइडोसिसमध्ये हृदयात, मूत्रपिंडात प्रथिनांचा साका साचतो. काहींत हा साका अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशींनी बनवलेल्या प्रथिनाचा असतो. त्यांना केमोथेरपी लागते. काहींत तो यकृतातून आलेल्या ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचा असतो. त्यांना केमोथेरपी दिली तर नुसताच त्रास. स्लाइडवर काँगो रेड या रंगाने दोन्ही सारखेच लाल दिसतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये स्लाइडवरचा तेवढाच लाल ठिपका लेझरने कापून मास स्पेक्ट्रोमीटरवर घालतात आणि प्रथिनाचं नाव अहवालात लिहून देतात. २००९ पासून छापून आलेली ही पद्धत आता नित्याच्या तपासणीचा भाग आहे.

"हे पटलं," मामा म्हणाले. "इथे जात कळली तर औषध बदलतं. गालाच्या गाठीचं सांग. तीन जाती निघाल्या म्हणालीस. तीन औषधं शहापूरच्या माणसाला मिळतात?"

मिळत नाहीत. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन होतं, किरणोपचार होतात, जुनी केमो मिळते. प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधं सर्वसाधारण घराच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यावर भाचीने परळचंच उत्तर काढलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या हाताबाहेर गेलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या अगदी लहानशा हिश्शात वापरलं: तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, जिथे पुस्तकी मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे. सोबत तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या. २०२२ मध्ये निकाल छापला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६.३ टक्के, औषध जोडल्यावर ४३.४ टक्के.

"बघ!" मामा उसळले. "यंत्र नाही, काही नाही. मात्रा कमी करून बघायची अक्कल, बस."

"आणि बाकीचे छप्पन्न टक्के?"

मामा थांबले.

"त्यांना औषध देऊनही ते वर्षभरात गेले, मामा. घर गहाण ठेवून नाही, पण उसनं काढून तरी पैसे भरलेच असतील. कुणाला लागू पडणार हे आधी कळलं असतं तर? तिसऱ्या जातीच्या गाठींत प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात म्हटलं ना, ती जात ओळखायचा उपयोग इथे आहे. श्रीमंताला चौथं औषध शोधून द्यायला नाही. गरिबाचे पैसे चुकीच्या औषधावर जाऊ नयेत म्हणून."

भाचीचा हा मुद्दा सहज झटकता येणारा नाही. मात्र त्याला एक अट आहे आणि ती तिनेच पुढे बोलून दाखवली. त्या १०८ गाठींतला धूम्रपानाचा ठसा आपल्याकडे चालेलच असं नाही. आपल्याकडची गाठ गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत, जिथे तंबाखूचा बार तासन् तास धरलेला असतो, तिथे होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच टाटा रुग्णालयात ओळीने आलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा छापला होता. रुग्णालय उघडून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढे त्यांनीच उभ्या केलेल्या संशोधन केंद्राचं आजचं रूप म्हणजे खारघरचं ॲक्ट्रेक. तिथे रुक्मिणी गोवेकर, सुरेखा झिंगडे आणि सहकाऱ्यांनी याच गाल-हिरडीच्या कर्करोगाची प्रथिनं वेगळी करून मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखली आणि २००९ मध्ये छापली. तेव्हाची यंत्रं आजच्यापेक्षा फार कमी प्रथिनं बघू शकत. तेच काम आजच्या यंत्रावर, मोठ्या संख्येने आणि रुग्णाचं पुढे काय झालं याच्या नोंदीसह व्हायला हवं.

"नोंदीसह," मामा म्हणाले. "आता आलीस वळणावर."

भाचीने बॅगेतून छापील कागद काढला. रुग्णालयांत मेणात घालून ठेवलेले जुने तुकडे, म्हणजे ब्लॉक, अभ्यासाला मागायचा तो मसुदा होता. फॉर्मालिनने प्रथिनं एकमेकांत अडकतात, पण तापवून ती सोडवता येतात. त्यामुळे वर्षानुवर्षांचे ब्लॉकही आता वापरता येतात. मसुद्यात वय, लिंग, गाठीची जागा, टप्पा, तंबाखू हो-नाही, असे रकाने होते.

मामांनी चष्मा लावला आणि 'तंबाखू हो-नाही'वर बोट ठेवलं. "हे कुणी लिहिलं? मशेरी वेगळी, चुना-तंबाखूचा बार वेगळा, गुटखा वेगळा, विडी वेगळी. बार कुठल्या गालात धरतो ते लिही. कधी सोडली ते लिही. सगळे सांगतात सोडली म्हणून, गाठ आल्यावर सोडलेली असते." मग: "तुकडा काढला किती वाजता आणि फॉर्मालिनमध्ये पडला किती वाजता?"

हा रकाना मसुद्यात होता, पण फक्त तारीख होती. मामांनी एका रुग्णालयातून आलेला तुकडा नुसत्या सलाइनच्या बाटलीत, एसटीच्या टपावरून प्रवास करून पोचलेला पाहिला होता. पॅथॉलॉजिस्टने त्यावर 'कुजलेला' एवढंच लिहिलं होतं आणि त्या माणसाला दुसऱ्यांदा तुकडा काढायला बोलावलं तेव्हा तो आलाच नाही. भाचीच्या क्षेत्रातही ही गोष्ट मोजलेली आहे: अमेरिकेत २०१४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात काढलेल्या गाठी घड्याळ लावून थांबवून ठेवल्या, तेव्हा एका तासात प्रथिनांची मात्रा साधारण तशीच राहिली, पण प्रथिनांवरच्या फॉस्फेटच्या खुणांपैकी २४ टक्क्यांपर्यंत बदलून गेल्या. कुठलं प्रथिन कामाला लागलंय ते याच खुणा सांगतात.

"तास-मिनिटं लिहिते," भाची म्हणाली आणि पेनने दुरुस्ती केली.

"आणि रुग्णाला कळवणार काय? कुठल्या जातीची निघाली ते?"

"नाही."

"का नाही? तुकडा त्याचा."

"कारण जात अजून सिद्ध नाही झालेली. मी त्याला सांगितलं तुमची गाठ वाईट जातीची, आणि दोन वर्षांनी कळलं की आमचं वर्गीकरणच चुकलं होतं, तर? २००२ चं मघाशीच सांगितलं. संमतिपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. नैतिकता समिती दुसरं काही मान्यच करणार नाही."

मामांना हे पटलं नाही. पटण्यासारखं असूनही. त्यांचं म्हणणं असं की जात नका सांगू, पण ज्या गावचा ब्लॉक घेतलात त्या गावात एक दिवस जाऊन तोंडं तरी तपासा. देणाऱ्याला काही नाही तर त्याच्या घरच्यांना. मशेरी सासू लावते तेव्हा सूनही लावते.

"मामा, संशोधनाच्या पैशात शिबिराचं शीर्षच नसतं. रसायनं, उपकरणं, मनुष्यबळ, प्रवास. यातच बसवावं लागतं."

"प्रवासात बसव."

"समिती कापेल."

"कापू दे," मामा म्हणाले आणि कागद तिच्याकडे सरकवला. "पण कापलं असं लेखी येऊ दे."